मुरघासाचा वास आणि गवतातील ओलावा

दुभत्या जनावरांना वर्षभर सकस वैरण मिळणे ही दुग्धव्यवसायाच्या यशाची पहिली अट होय. महाराष्ट्रात पावसाळ्याच्या दिवसांत बांधावर, गायरानात व डोंगरउतारावर गवत विपुल असते. परंतु फाल्गुन लागला की त्याच जनावरांना वाळक्या काडीवर दिवस काढावे लागतात. श्रावण-भाद्रपदातील कोवळे गवत वाळवून ठेवावे म्हटले, तर त्या दिवसांत सलग ऊन मिळत नाही आणि अर्धवट वाळलेल्या गवताच्या गंजीला बुरशी लागते. म्हणून हिरवे गवत हवाबंद करून आंबवणे, म्हणजेच त्याचा मुरघास करणे, हा मार्ग सोयीचा ठरतो.

तथापि खड्डा उघडल्यावर प्रत्येकाच्या पदरी सारखेच फळ पडत नाही. एकाच जातीचे गवत भरलेल्या दोन खड्ड्यांपैकी एकातून ताकासारखा आंबूस वास येतो व जनावरे गव्हाणीतील वैरण चाटूनपुसून खातात. दुसऱ्यातून खवट, नकोसा वास येतो व भुकेले जनावरही मान फिरवते. ज्याच्या वाट्याला हा दुसरा खड्डा येतो, त्याची ऐन उन्हाळ्याची बेगमी एका दिवसात जाते. अशा वेळी गवताच्या जातीला, खताला किंवा नशिबाला दोष दिला जातो. वास्तविक पुष्कळदा खरे कारण असते ते गवत भरतेवेळी त्यात असलेले पाणी. खड्ड्यात गवताबरोबर किती पाणी गेले, यावर त्यात कोणते सूक्ष्मजंतू वाढणार हे ठरते. आणि कोणते जंतू वाढले, यावर मुरघासाचा वास व त्याची पौष्टिकता ठरते. हा संबंध नीट समजून घेतल्यास नुकसान टाळणे मुळीच अवघड नाही.

वास कोठून येतो?

गवत कापताच जो ताजा हिरवा वास दरवळतो, तो गवतात आधीपासून साठवलेला नसतो. पान चिरले जाताच त्याच्या पेशी फुटतात, पेशींतील विकरे पानातील स्निग्ध पदार्थांवर काम करू लागतात आणि हवेच्या साहाय्याने त्यांचे लहान लहान तुकडे होतात. हे तुकडे सहज उडून जाणारे असल्यामुळे त्यांचा वास लगेच नाकाला जाणवतो. गवत सुकू लागले की यातील बराचसा भाग उडून जातो किंवा त्याचे दुसऱ्या पदार्थांत रूपांतर होते. काही गवतांत वाळताना कुमारीन नावाचे द्रव्य मोकळे होते व त्यामुळे वाळलेल्या गवताचा गोडसर सुवास येतो.

खड्डा बंद झाल्यावर मात्र वासाची सूत्रे सूक्ष्मजंतूंच्या हाती जातात. गवतासोबत आत गेलेला प्राणवायू प्रथम पेशींच्या श्वसनात संपतो. त्यानंतर प्राणवायूविना जगणारे जंतू गवतातील शर्करेवर वाढू लागतात. दूध विरजून दही करणाऱ्या जंतूंचे जातभाई यांतच असतात. ते शर्करेपासून दुग्धाम्ल तयार करतात व या आम्लामुळे गवत टिकते. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. दुग्धाम्लाला स्वतःला जवळजवळ वास नसतो. चांगल्या मुरघासाचा आंबूस वास येतो तो दुग्धाम्लाबरोबर थोड्या प्रमाणात तयार होणाऱ्या शिरक्यातील आम्लाचा, म्हणजे अॅसेटिक आम्लाचा. त्यात थोडा मद्यार्क असतो आणि मद्यार्क व आम्ले यांच्या संयोगातून बनणारी एस्टर नावाची फळांसारख्या वासाची द्रव्येही असतात. ही सर्व द्रव्ये अल्प प्रमाणात व समतोल असतील, तर मुरघास रुचकर लागतो. हा समतोल बिघडला की वास बदलतो.

पाण्याचे प्रमाण निर्णायक का ठरते?

कोवळ्या हिरव्या गवतात शेकडा ८० ते ८५ भाग पाणी असते. म्हणजे १०० किलो गवतात शुष्क भाग केवळ १५ ते २० किलो असतो. हे पाणी तीन प्रकारे परिणाम करते.

पहिली गोष्ट अशी की, जास्त पाण्यात शर्करा व आम्ल दोन्ही पातळ होतात. दुसरी गोष्ट, मुरघास नासवणाऱ्या क्लॉस्ट्रिडिया जातीच्या जंतूंना भरपूर ओलावा लागतो, तर दुग्धाम्ल करणारे जंतू त्या मानाने कमी ओलाव्यातही तग धरतात. म्हणून गवत थोडे सुकवले, तर नासवणाऱ्या जंतूंची वाढ खुंटते आणि उपयोगी जंतूंना मोकळे रान मिळते. तिसरी गोष्ट याच्या उलट आहे. गवत फार सुकले तर ते ताठ होते, नीट दबत नाही व त्यात हवा कोंडून राहते.

मुरघासाची आम्लता सामूवरून मोजतात. सामू जितका कमी, तितकी आम्लता जास्त. गवतात शुष्क भाग शेकडा १५ असेल, तर नासवणाऱ्या जंतूंना रोखण्यासाठी सामू सुमारे ४.१ पर्यंत खाली यावा लागतो. शुष्क भाग २० असेल तर सुमारे ४.२, ३० असेल तर सुमारे ४.५ आणि ३५ असेल तर सुमारे ४.६ एवढ्यावरही मुरघास सुरक्षित राहतो. याचा अर्थ असा की, गवत जितके ओले तितके ते टिकवण्यास आम्ल अधिक लागते, आणि आम्ल अधिक व्हायचे तर शर्कराही अधिक लागते. आपल्याकडील उष्ण प्रदेशातील गवतांत, विशेषतः संकरित नेपिअरसारख्या हत्तीगवतात, विरघळणारी शर्करा मुळातच कमी असते. ही गवते आपला साठा बव्हंशी पिष्टाच्या रूपाने करतात व दुग्धाम्लाच्या बहुतेक जंतूंना पिष्ट वापरता येत नाही. त्यामुळे आपल्याकडे ओल्या गवताचा धोका अधिक आहे.

गवत फार ओले असल्यास

ओलावा शेकडा ७५ च्या वर असताना गवत खड्ड्यात भरल्यास आम्ल पुरेसे तयार होण्यापूर्वीच क्लॉस्ट्रिडिया जातीचे जंतू बळावतात. हे जंतू मातीतून व शेणातून येतात. ते तयार झालेले दुग्धाम्लच खातात व त्यापासून ब्युटिरिक आम्ल करतात. हेच आम्ल खवट झालेल्या लोण्यात असते. त्याचा वास अत्यंत अल्प प्रमाणातही जाणवतो आणि हाताला लागला की साबणाने धुतल्यावरही बराच वेळ जात नाही. दुग्धाम्ल हे तीव्र आम्ल आहे, ब्युटिरिक आम्ल त्याहून सौम्य आहे. त्यामुळे आम्लता घटते, सामू वर चढतो आणि नासण्याचा वेग आणखी वाढतो.

यानंतर प्रथिनांची पाळी येते. याच गटातील दुसरे जंतू प्रथिने फोडून अमोनिया व अमाइन नावाची द्रव्ये करतात. अमोनियाचा झोंबणारा व अमाइनांचा कुजक्या मासळीसारखा वास येऊ लागला, तर गवतातील महत्त्वाची प्रथिने वाया गेली असे निश्चित समजावे. अशी वैरण जनावर कमी खाते. नुकत्याच व्यालेल्या गाईला ब्युटिरिक आम्लयुक्त मुरघास दिल्यास तिला किटोसिस होण्याचा संभव वाढतो.

ओल्या गवताचे आणखी एक नुकसान डोळ्यांना दिसते. खड्ड्याच्या तळाशी तपकिरी रस साचतो व बाहेर वाहू लागतो. त्या रसाबरोबर शर्करा, क्षार व विद्राव्य प्रथिनेही जातात. हा रस विहिरीत किंवा ओढ्यात जाऊ देऊ नये. त्याने पाणी दूषित होते व मासे मरतात.

ओल्या गवताची अडचण केवळ आपली नव्हे. फिनलंडसारख्या थंड देशातही गवत सुकवण्यास पुरेसे ऊन मिळत नाही. तेथील शास्त्रज्ञ आर्तुरी विर्तानेन यांनी गवतावर पातळ केलेली खनिज आम्ले शिंपडून त्याचा सामू ताबडतोब ४ च्या खाली आणण्याची रीत बसवली. वैरण टिकवण्याच्या या पद्धतीबद्दल व कृषी रसायनशास्त्रातील संशोधनाबद्दल त्यांना १९४५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. खनिज आम्ले हाताळणे धोक्याचे असल्याने सामान्य शेतकऱ्याने त्या वाटेस जाऊ नये. त्यामागचे तत्त्व मात्र ध्यानात घ्यावे : ओले गवत टिकवायचे तर आम्लता त्वरित वाढली पाहिजे.

गवत फार सुकल्यास

ओल्या गवताची भीती बाळगून ते जास्त सुकवणे हीदेखील चूकच. ओलावा शेकडा ६० च्या खाली गेल्यावर गवत खड्ड्यात दाबणे कठीण होते. कोंडलेल्या हवेमुळे श्वसन चालू राहते, किण्व व बुरशी वाढते आणि खड्डा तापतो. किण्वामुळे मद्यासारखा वास येतो. मद्यार्कापासून बनलेली एस्टर द्रव्ये वाढली तर तो वास पिकलेल्या फळासारखा किंवा नखे रंगवण्याच्या रंगासारखा होतो. बुरशीचा वास कुबट व कोंदट असतो.

मुरघास फार तापला, तर शर्करा व प्रथिने यांचा संयोग होऊन गवत तपकिरी पडते आणि त्याला तंबाखूसारखा किंवा करपलेल्या गुळासारखा वास येतो. या वासाने पुष्कळजण फसतात. तो माणसाला खमंग वाटतो व जनावरेही अशी वैरण आवडीने खातात. परंतु तीतील प्रथिने अशी बांधली जातात की, जनावराला ती पचत नाहीत. पोट भरते, पण दूध वाढत नाही. म्हणून गोड वास म्हणजे चांगला मुरघास, असे समजू नये.

प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेल्या गठ्ठ्यांत ४५ ते ५५ टक्के ओलाव्याचे गवतही चांगले टिकते. त्यात आम्ल कमी तयार होते व वास वाळल्या गवतासारखा सौम्य राहतो. मात्र तेथे सारी भिस्त हवाबंदपणावर असते. प्लॅस्टिकला एक छिद्र पडले तरी बुरशी शिरते. साध्या खड्ड्यासाठी ही रीत उपयोगी नाही.

योग्य ओलावा व तो ओळखण्याच्या रीती

खड्डा, टाकी किंवा पिशवी यांत भरावयाच्या गवताचा ओलावा शेकडा ६५ ते ७० असावा. म्हणजे शुष्क भाग ३० ते ३५ राहतो. हा ओलावा ओळखण्याच्या तीन सोप्या रीती आहेत.

(१) मुठीची परीक्षा : गवताची कुट्टी मुठीत घेऊन सुमारे अर्धा मिनिट घट्ट दाबावी व मूठ उघडावी. बोटांतून पाणी गळले व गोळा तसाच राहिला, तर ओलावा ७५ टक्क्यांहून अधिक आहे. गोळा टिकला पण हात केवळ ओलसर झाला, तर तो ७० ते ७५ च्या दरम्यान आहे. गोळा हळूहळू उलगडला व पाणी सुटले नाही, तर तो ६० ते ७० आहे व गवत भरण्यास योग्य आहे. गोळा झटकन विस्कटला, तर गवत फार सुकले आहे.

(२) वजनाची परीक्षा : ताज्या गवताची १० किलोची पेंढी वजन करून बाकीच्या गवताबरोबरच सुकत ठेवावी. गवतात ८० टक्के पाणी असेल, तर पेंढीत २ किलो शुष्क भाग व ८ किलो पाणी असते. पेंढी ६ किलोची झाली म्हणजे तीत ४ किलो पाणी उरते व ओलावा सुमारे ६७ टक्के होतो. गवत अधिक कोवळे असून त्यात ८५ टक्के पाणी असेल, तर मात्र तेवढाच ओलावा येण्यास पेंढी साडेचार किलोपर्यंत उतरावी लागते.

(३) तव्यावरील परीक्षा : आरंभी गवतात पाणी किती आहे हे ठाऊक नसल्यास १०० ग्रॅम कुट्टी मंद आचेवर, करपू न देता, वजन कमी होण्याचे थांबेपर्यंत सुकवावी. ३२ ग्रॅम उरले तर ओलावा ६८ टक्के होता, असे समजावे.

हत्तीगवताची पाने लवकर सुकतात, पण जाड दांड्यात पाणी तसेच राहते. यासाठी पानांवरून अंदाज न करता पाने व दांडा यांची एकत्र कुट्टी घेऊनच परीक्षा करावी.

गवत दव उडाल्यावर कापावे व पातळ पसरून एकदोन वेळा उलटावे. कापल्यानंतरही पेशी जिवंत असतात व श्वसनात शर्करा खर्च करतात. म्हणून सुकवणे शक्यतो त्याच दिवशी, फार तर २४ तासांच्या आत संपवावे. दोन-तीन दिवस रखडत सुकलेल्या गवताचा ओलावा योग्य असला, तरी त्यात आम्ल होण्यास शर्करा उरत नाही. गवताला माती लागू देऊ नये. मातीबरोबर नासवणारे जंतू आत जातात.

ऊन न मिळाल्यास काय करावे?

पावसाच्या झडीत गवत सुकत नाही. अशा वेळी ओल्या गवतात वाळलेली वैरण मिसळणे हा उत्तम उपाय होय. ८० टक्के ओलाव्याच्या १०० किलो गवतात १० टक्के ओलाव्याची सुमारे १७ किलो कडब्याची कुट्टी किंवा भाताचा पेंढा मिसळल्यास मिश्रणाचा ओलावा ७० टक्क्यांवर येतो. कोरडी वैरण थराथराने न घालता एकजीव मिसळावी, नाहीतर ओला थर ओलाच राहतो. कडब्यातून आंबण्याजोगी शर्करा फारशी मिळत नाही. म्हणून १०० किलो ओल्या गवतास ३ ते ४ किलो मळी थोड्या पाण्यात पातळ करून शिंपडावी. मळी न मिळाल्यास गूळ वापरावा. बुरशी लागलेला कडबा किंवा पेंढा मात्र कदापि मिसळू नये.

कुट्टी २ ते ३ सेंटिमीटर लांबीची करावी, थराथराने चांगली तुडवावी व खड्डा विलंब न लावता बंद करावा. ओलावा कितीही योग्य असला, तरी हवा आत राहिल्यास सर्व श्रम व्यर्थ जातात.

वासावरून परीक्षा

सुमारे दीड महिन्याने खड्डा उघडावा. मूठभर मुरघास मोकळ्या हवेत आणून हुंगावा. त्यावरून पुढीलप्रमाणे अनुमान काढता येते.

ताकासारखा आंबूस, किंचित शिरक्यासारखा वास व हिरवट-पिवळा रंग : मुरघास उत्तम; गवताचा ओलावा योग्य होता.

शिरक्याचा उग्र, नाकात भरणारा वास : आंबण्याची क्रिया भलत्या दिशेने गेली, गवत बहुधा ओले होते. जनावरे कमी खातात. दुसऱ्या वैरणीत मिसळून द्यावा.

खवट लोण्याचा वास, बुळबुळीत स्पर्श : गवत फार ओले होते किंवा त्यात माती गेली. गाभण व नुकत्याच व्यालेल्या जनावरांना देऊ नये.

अमोनिया किंवा कुजकट वास : प्रथिने नासली. खत-खड्ड्यात टाकावा.

मद्याचा किंवा फळांचा तीव्र वास : किण्व वाढले आहे. असा मुरघास हवा लागताच तापतो. रोजच्या रोज पुरेसा थर काढून संपवावा.

तंबाखू किंवा करपलेल्या गुळाचा वास : गवत फार सुकले होते व खड्डा तापला. प्रथिनांची उणीव पेंडीने भरून काढावी.

कुबट वास व बुरशीचे पुंजके : हवा शिरली. तेवढा भाग काढून टाकावा. बुरशीचा मुरघास हुंगू नये, कारण तिची धूळ फुप्फुसांना अपायकारक असते. हवा लागून बिघडलेल्या मुरघासातून शेळ्यामेंढ्यांना लिस्टेरिया जंतूंचा मेंदूचा रोग व गर्भपात होण्याचा धोका असतो.

केवळ वासावर विसंबण्याऐवजी शक्य तेथे सामू दाखवणारी कागदी पट्टी मुरघासाच्या रसात बुडवून पाहावी. वास व सामू यांची साक्ष जुळली, म्हणजे निदान पक्के झाले.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. वास पाहण्यासाठी खोल खड्ड्यात किंवा टाकीत उतरू नये. आंबताना निघणारा कर्बवायू तळाशी साचतो. त्याशिवाय भरल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत तांबूस-तपकिरी रंगाचा विषारी वायूही निघू शकतो. दोन्ही वायू हवेपेक्षा जड असून प्राणघातक आहेत.

मुरघास व दुधाचा वास

मुरघासातील उडून जाणारी द्रव्ये गाईच्या श्वासावाटे फुप्फुसांत, तेथून रक्तात व दुधात उतरतात. त्यामुळे धारेपूर्वी किंवा धार काढताना मुरघास दिल्यास दुधाला त्याचा वास येतो. मुरघास धार काढून झाल्यावरच द्यावा, गोठा हवेशीर ठेवावा आणि दुधाचे भांडे गव्हाणीजवळ उघडे ठेवू नये. चांगल्या मुरघासाच्या बाबतीतही हा नियम पाळावा. खवट मुरघास असलेल्या गोठ्यातील दूध संकलन केंद्रावर नाकारले गेले, तर भाद्रपदातील हलगर्जीपणाची किंमत पुन्हा एकदा मोजावी लागते.

ग्रामपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी खड्डा भरण्याच्या दिवशी शेतावर जाऊन मुठीची परीक्षा शेतकऱ्याच्या स्वतःच्या हाताने करून घ्यावी. खड्डा उघडतानाही हजर राहून त्याच शेतकऱ्याला वास ओळखण्यास शिकवावे. भरलेल्या दिवसाचा ओलावा व उघडलेल्या दिवसाचा वास यांची नोंद एका वहीत शेजारी शेजारी ठेवल्यास दोन-तीन हंगामांत गावाला स्वतःचा अनुभव हाताशी येईल. खड्डा एकदा बंद झाला म्हणजे आतील गवताचे पाणी कमी करता येत नाही. जी काळजी घ्यावयाची, ती भरण्यापूर्वीच घ्यावी लागते. आणि तीसाठी लागतो तो केवळ अर्धा मिनिट व शेतकऱ्याची मूठ.